ज्युनिअर हॉकीत गेल्यावर गोल कुठे जातात?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे तुमच्यासारख्या इतर आईवडिलांनाही संदर्भ लागेल. तुमचा मुलगा अठरा वर्षांचा आहे. मिनेसोटातल्या मिनीॲपोलिसच्या एका उपनगरातल्या हायस्कूलकडून आइस हॉकी खेळताना गेल्या मोसमात त्याने २५ सामन्यांत ३१ गोल केले. शाळा संपली आणि ऑगस्टमध्ये तो नॉर्थ अमेरिकन हॉकी लीग या ज्युनिअर, म्हणजे वीस वर्षांपर्यंतच्या खेळाडूंच्या, लीगमधल्या एका संघाकडून खेळायला साउथ डकोटात गेला. तिथे एका परक्या कुटुंबाकडे राहतो, त्याला इथे बिलेट कुटुंब म्हणतात. संघाचे १६ सामने झाले, त्यातले १४ तो खेळला आणि गोल झाले फक्त २. सुरुवातीला दुसऱ्या लाईनवर होता (तीन फॉरवर्डच्या तुकडीला लाईन म्हणतात; पहिली सर्वांत भरवशाची, चौथी सर्वांत कमी खेळणारी), आता चौथ्या लाईनवर आहे. दोन सामन्यांत तर कोचने त्याला कपडेच चढवू दिले नाहीत, स्टँडमध्ये बसवलं. फोनवर धड बोलत नाही. तुम्ही विचारलंय की त्याचं काही बिघडलंय का, कोच अन्याय करतोय का, आणि त्याला घरी परत बोलवावं की जिथे तो पुन्हा गोल करेल अशा खालच्या लीगमध्ये न्यावं.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: आत्ता बोलावू नका आणि खालच्या लीगमध्येही नेऊ नका. का, ते सविस्तर सांगतो. त्यात हॉकीतलं थोडं तांत्रिक बोलणं येईल, पण ते समजलं नाही तर तुम्हाला त्याच्याशी काय बोलायचं हे कळणार नाही, म्हणून धीर धरून वाचा.

माझ्याबद्दल दोन ओळी. मी आठ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर पुण्याहून मिनेसोटात आलो. शेजारच्या मुलांबरोबर गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग शिकलो, हायस्कूल खेळलो, दोन वर्षं ज्युनिअर खेळलो आणि गेली बावीस वर्षं याच उंबरठ्यावरच्या मुलांना शिकवतोय. तुमचा मुलगा जिथून जातोय तिथून मी स्वतः गेलोय. ज्युनिअरच्या पहिल्या मोसमात पहिल्या २२ सामन्यांत माझा एकच गोल होता.

तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओंपैकी सहा सामने मी पूर्ण पाहिले. त्याचं काही बिघडलेलं नाही. त्याची मनगटं तीच आहेत, शॉट तसाच सुटतो, बर्फावर पहिली तीन पावलं अजूनही झपाट्याने पडतात. बदललंय ते त्याच्या भोवतालचं सगळं, आणि तो अजून जुन्याच पद्धतीने गोल शोधतोय.

आधी साधा हिशेब बघा. मिनेसोटात हायस्कूलचा सामना १७ मिनिटांच्या तीन भागांचा, म्हणजे एकूण ५१ मिनिटांचा. तुमचा मुलगा त्याच्या शाळेचा हुकमी एक्का होता. असा मुलगा ५१ पैकी २५ मिनिटं सहज बर्फावर असतो, पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असतानाचा खेळ) पूर्ण दोन मिनिटं खेळतो, दमला तरी कोच त्याला बाहेर काढत नाही. आता सामना ६० मिनिटांचा आहे, पण चौथ्या लाईनला त्यातली आठ-नऊ मिनिटं मिळतात आणि पॉवर प्ले नाहीच. म्हणजे गोल करायला जो वेळ हातात होता तो एक तृतीयांशावर आला. बाकी काहीही बदललं नसतं, तरी नुसत्या या हिशेबानेच त्याचे गोल घटले असते. शाळेच्या आकड्यांशी तुलना करण्यात म्हणूनच अर्थ नाही. मुलं मात्र ती रोज रात्री करतात.

दुसरं, समोर कोण आहे ते पाहा. शाळेच्या संघात नववी ते बारावीची मुलं असतात. त्याने ज्यांना चकवून गोल केले त्यांतले कितीतरी डिफेन्समन पंधरा-सोळा वर्षांचे होते, आणि त्यातले बहुतेक पुढे हॉकी खेळणारही नाहीत. ज्युनिअरमध्ये वीस वर्षांपर्यंतचे खेळाडू असतात. त्यातला प्रत्येक जण आपापल्या गावचा हुकमी एक्का होता. वीस वर्षांचा डिफेन्समन म्हणजे दाढीमिशा आलेला, दोन मोसम ज्युनिअरमध्ये मार खाल्लेला आणि दिलेला पुरुष. अंगावर आदळणं शाळेतही चालतं, पण तिथे तुमच्या मुलाला धडकण्याइतकं जवळच कोणी येत नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. शाळेत त्याचा गोल कसा व्हायचा, हे तुम्हाला तोंडपाठ असेल. मध्यभागी पक (रबराची चकती) घ्यायचा, वेग पकडायचा, ब्लू लाईन (जिच्या पलीकडे समोरच्या संघाचा भाग सुरू होतो ती रेष) ओलांडायची. डिफेन्समन घाबरून मागे मागे सरकत फेसऑफच्या, म्हणजे जिथून खेळ पुन्हा सुरू करतात त्या, वर्तुळापर्यंत जायचा. मग हा पक दोनदा इकडे-तिकडे हलवायचा, डिफेन्समनच्या पायांमधून जोरात रिस्ट शॉट (मनगटाच्या झटक्याने मारलेला फटका) मारायचा आणि पक वरच्या कोपऱ्यात. सगळं काही पक स्वतःच्या स्टिकवर ठेवून, एकट्याने.

ज्युनिअरमध्ये डिफेन्समन मागे सरकत नाही. तो ब्लू लाईनवरच उभा राहतो, दोघांमध्ये एका स्टिकचं अंतर ठेवतो आणि आपल्या स्टिकचं पातं थेट पकवर ठेवतो. त्याच वेळी मागून त्यांचा एक फॉरवर्ड परत धावत येत असतो. तुमच्या मुलाला पुढे भिंत आणि मागे पाठलाग. पक दोनदा इकडे-तिकडे हलवायला जो एक सेकंद लागायचा, तो सेकंदच आता उरलेला नाही. मी पाहिलेल्या सहा सामन्यांत त्याने नऊ वेळा ब्लू लाईनवर एकट्याने कोणाला चकवायचा प्रयत्न केला. सात वेळा पक गेला. त्यातल्या दोनांवर पलीकडच्या संघाने उलटा हल्ला करून गोल केला. ताई, त्याला स्टँडमध्ये का बसवलं याचं उत्तर तिथे आहे. कोचच्या नजरेने पाहिलं तर तो अन्याय नाही. मात्र कोचने ते कारण मुलाला सांगितलं का, हा वेगळा प्रश्न आहे. त्यावर पुढे येतो.

यातून वाट काढून शॉट मारलाच तर समोर गोलकीपर आहे. गोलची चौकट सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. ज्युनिअरचा गोलकीपर बहुतेक वेळा सहा फुटांच्या वर, त्याचे पायांचे पॅड अकरा इंच रुंद. तो पकच्या समोर नीट येऊन, स्थिर होऊन उभा राहिला असेल आणि त्याला पक सुटताना दिसत असेल, तर वर्तुळाच्या बाहेरून आलेला चांगला शॉटही तो अडवतो. दहापैकी नऊ वेळा नाही, त्याहूनही जास्त. शाळेत जो शॉट जाळ्यात जायचा तो आता छातीवर आदळून खाली पडतो. मुलाला वाटतं आपला शॉट कमी पडतोय. मग तो सराव संपल्यावर एकटा थांबून बादलीभर पक भिंतीवर मारत बसतो. मीही तेच केलं होतं, हाताला फोड येईपर्यंत.

शॉट कमी पडत नव्हता, जागा चुकत होती. हे मला एका सहायक कोचने दाखवलं. मुख्य कोच मला सलग चार सामने बाहेर बसवून एका शब्दाने कारण सांगत नव्हते आणि मी रात्री रडून घरी फोन करायचा थांबलो होतो. एका संध्याकाळी सहायकांनी मला व्हिडिओच्या खोलीत बोलावलं. रिंकचं चित्र असलेला कागद दिला आणि म्हणाले, तुझे आजवरचे सगळे शॉट यावर ठिपक्यांनी काढ. काढून झाल्यावर त्यांनी लाल पेनाने त्यावर एक आकार काढला: गोलच्या दोन खांबांपासून दोन्ही बाजूंच्या फेसऑफच्या ठिपक्यांपर्यंत तिरक्या रेषा, तिथून सरळ वर वर्तुळांच्या माथ्यापर्यंत, आणि वरून आडवी रेष. उतरत्या छपराच्या घरासारखा उलटा आकार होतो. इथले कोच त्याला ‘हाऊस’च म्हणतात. माझे जवळजवळ सगळे ठिपके त्या घराच्या बाहेर होते. तो कागद मी अजून जपून ठेवलाय, आणि दरवर्षी प्रत्येक नव्या मुलाला तोच कागद कोरा करून देतो.

तुमच्या मुलाचा कागद मी भरला. सहा सामन्यांत १३ शॉट. दहा घराच्या बाहेरून. आत तीन. त्याचे दोन गोल कुठून झाले असतील? दोन्ही आतून, एक तर गोलपासून पाच-सहा फुटांवर, गोलकीपरच्या पॅडवरून उडालेला पक ढकलून. तो गोल त्याला ‘खरा’ वाटत नसणार. मी विचारलं तर सांगेल की नशिबाने मिळाला. पण त्या गावात त्याचे पुढचे गोल बहुतांशी तसेच होणार आहेत, आणि हे त्याला जितक्या लवकर पटेल तितकं बरं.

शाळेत तो पक घेऊन गोलकडे जायचा. आता त्याला पकच्या आधी तिथे पोहोचायला शिकायचंय. मी मुलांना गेली कित्येक वर्षं एवढंच शिकवतोय. पक स्टिकवर नसताना तुम्ही काय करता, त्यावर ज्युनिअरमध्ये गोल होतात. तो पक आल्यावर विचार सुरू करतो. विचार आधी होऊन गेलेला असायला हवा. पक येण्यापूर्वी खांद्यावरून मागे एकदा, शक्य तर दोनदा पाहणं, ही सवय नुसती ऐकायला सोपी आहे. त्या सहा सामन्यांत मी मुद्दाम मोजलं: पक येण्याआधी त्याने मान वळवली असे प्रसंग फार थोडे. शाळेत गरजच पडली नव्हती, सवय लागणार कशी?

मग हातांचं काम येतं. पास घेताना तो पक आधी शरीरापुढे थांबवतो, सावरतो, मग शॉटसाठी बाजूला ओढतो. या तीन हालचालींची एक करायची आहे. पास थेट शॉटच्या बाजूला, मागच्या पायाजवळ घ्यायचा आणि त्याच झोतात सोडायचा. गोलकीपर एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे सरकत असताना पक सुटला तर शॉटला जोर नसला तरी चालतो. सरकणारा गोलकीपर म्हणजे उघडलेलं दार. उलट ताशी ऐंशी मैलांचा शॉट स्थिर गोलकीपरवर वाया जातो. यासाठी सराव सांगतो, तो त्याला जशाच्या तसा कळवा: रोज सराव संपल्यावर एका साथीदाराबरोबर पंधरा मिनिटं, घराच्या आतूनच, पास मुद्दाम वाईट द्यायला सांगायचे, पायांत, उडते, मागे पडलेले. पक स्टिकला लागल्यापासून सुटेपर्यंत एक सेकंदही नको. चांगल्या पासवर सराव करून उपयोग नाही, कारण त्या गर्दीत चांगला पास येतच नाही.

यासाठी एक खेळाडू त्याने डोळ्यांसमोर ठेवावा: जो पावेल्स्की. विस्कॉन्सिनमधल्या स्टीव्हन्स पॉइंटच्या हायस्कूलकडून त्याने २००२ मध्ये राज्य अजिंक्यपद जिंकलं, मग आयोवातल्या वॉटर्लू ब्लॅक हॉक्सकडे ज्युनिअर खेळायला गेला. शाळा ते ज्युनिअर, तोच रस्ता. स्केटिंग वेगवान नाही, अंगाने मोठा नाही. एनएचएल ही इथली सर्वांत मोठी व्यावसायिक लीग, आणि तिचे संघ ड्राफ्टमध्ये फेरीफेरीने तरुण खेळाडू निवडतात. २००३ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीपर्यंत त्याला कोणी घेतलं नाही. शेवटी सॅन होजेने २०५ व्या क्रमांकावर घेतलं. २००४ मध्ये वॉटर्लूने क्लार्क कप, म्हणजे त्यांच्या ज्युनिअर लीगचं विजेतेपद, जिंकला तेव्हा तो संघात होता, २००६ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाबरोबर राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि एनएचएलमध्ये ४७६ गोल करून निवृत्त झाला. त्यातले कितीतरी गोल त्याने गोलकीपरच्या पुढ्यात उभं राहून, दुसऱ्याने दुरून मारलेल्या शॉटला स्टिकचं पातं नुसतं लावून केले. नियमाप्रमाणे असा पक गोलच्या आडव्या दांडीपेक्षा वर स्टिक लावून वळवला तर गोल धरत नाहीत, म्हणजे चार फुटांच्या आत, पाठीवर डिफेन्समनचे दणके खात, अंगावर येणाऱ्या पकची दिशा बदलायची. पावेल्स्की सराव संपल्यावरही हेच घोटत राहायचा. हे काम शिकता येतं. त्याला उंची लागत नाही, वेग लागत नाही. हिंमत लागते आणि हजारो वेळा केलेली पुनरावृत्ती लागते.

मिनेसोटातलंच उदाहरण हवं तर जेक गेंट्झेल. हिल-मरी शाळेतून सू सिटीला एक मोसम ज्युनिअर, मग ओमाहाचं विद्यापीठ. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत ७७ वा. तोही अंगाने किरकोळच होता. २०१७ मध्ये पिट्सबर्गने एनएचएलचं विजेतेपद, स्टॅन्ली कप, जिंकलं तेव्हा प्लेऑफमध्ये सर्वाधिक, १३ गोल त्याचे होते. पक सोडून मोकळ्या जागेत शिरायचं आणि तो परत येईल तेव्हा तयार असायचं, हे पाहायचं असेल तर त्याचा खेळ पाहावा.

ज्युनिअरमध्ये गेलेला प्रत्येक जण अडखळतोच असं नाही. बर्न्सव्हिलचा ब्रॉक बेसर वॉटर्लूला गेला आणि २०१४-१५ च्या मोसमात ३५ गोल करून मोकळा झाला, पुढे व्हँकुव्हरने त्याला पहिल्या फेरीत घेतलं. असा शॉट लाखात एखाद्याला असतो. त्याच्याशी आपल्या मुलाची तुलना करू नका. बहुतेकांना पहिला अर्धा मोसम लागतोच.

चौथ्या लाईनबद्दल बोलतो, कारण तुमच्या पत्रात ती शिक्षा असल्यासारखी आली आहे. मुलालाही तसंच वाटतंय, ते त्याच्या खांद्यांवरून दिसतं. चौथ्या लाईनवर कोच पाहत असतो की या मुलावर विश्वास टाकता येईल का. आपल्या भागातून पक बाहेर काढताना विंगर, म्हणजे कडेचा फॉरवर्ड, बोर्डला (रिंकच्या कडेच्या भिंतीला) चिकटून उभा असतो. त्याच्याकडे पास येतो तेव्हा पलीकडचा डिफेन्समन वेगाने त्याच्या अंगावर येत असतो. दणका बसणार हे माहीत असताना पाय न हलवता, पक आपल्या ब्लू लाईनच्या बाहेर काढणं, हे ज्युनिअर कोचच्या लेखी एखाद्या गोलइतकंच आहे. मैदानात दोन जागा अशा आहेत की तिथे पक गमावायचाच नाही: आपली ब्लू लाईन आणि त्यांची ब्लू लाईन. समोर जागा नसेल तर पक डिफेन्समनच्या मागे कोपऱ्यात टाकायचा आणि धावत जाऊन मिळवायचा. शाळेत तारा असलेल्या मुलाला हे कमीपणाचं वाटतं, पक देऊन टाकल्यासारखं. पण या लीगमधल्या पहिल्या लाईनवरची मुलंही दर सामन्यात हे करतात.

शिफ्टचीही गोष्ट आहे, म्हणजे एका वेळी सलग किती वेळ बर्फावर राहायचं. शाळेत तो दीड-दोन मिनिटं बर्फावर राहायचा, अर्धा वेळ चालत चालत, एका संधीची वाट बघत. इथे ४० ते ४५ सेकंद पूर्ण ताकदीने आणि बाहेर. तुमच्या मुलाच्या शिफ्ट मी घड्याळ लावून पाहिल्या. कितीतरी एक मिनिटाच्या वर गेल्या आणि शेवटच्या वीस सेकंदांत तो मागे परतायला उशीर करतो. त्याला वाटतं आठच मिनिटं मिळतायत तर प्रत्येक शिफ्ट ताणून घ्यावी. कोचला दिसतं की हा बदलीला येत नाही. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, आणि म्हणूनच कोणीतरी हे त्याला शांतपणे समजावून सांगायला हवं.

हे कोणी सांगायचं? तुम्ही नाही. कोचला ईमेल पाठवू नका, फोन करू नका. मुलाने स्वतः, सामन्याच्या दिवशी नाही, सोमवारी किंवा मंगळवारी, सहायक कोचकडे जाऊन दहा मिनिटं मागावीत. ‘मला जास्त वेळ का मिळत नाही’ असं विचारू नये. ‘माझ्या शेवटच्या तीन सामन्यांतल्या पाच शिफ्ट माझ्याबरोबर बघाल का’ असं विचारावं. असं विचारलेल्या मुलाला सहायक कोचने नाही म्हटलेलं मी बावीस वर्षांत फार क्वचित पाहिलंय. मला कोणी हे सांगितलं नव्हतं. मी चार सामने गप्प बसलो आणि कोचने आपल्याला नाकारलं असंच धरून चाललो. मुलाने विचारूनही कोणी उत्तर देत नसेल, तर मात्र तो संघाचा दोष आहे.

तुमच्या खालच्या लीगच्या प्रश्नाकडे वळतो. टियर ३ मध्ये, म्हणजे ज्युनिअरच्या खालच्या पायरीवर, बहुतेक ठिकाणी खेळण्याचे पैसे भरावे लागतात, पण पैसा हे माझं पहिलं कारण नाही. तिथे तो पुन्हा पक एकट्याने नेईल, पुन्हा डिफेन्समन मागे सरकेल, पुन्हा गोल होतील. आणि जी सवय मोडायची आहे ती आणखी एक वर्ष पक्की होईल. शिवाय विद्यापीठांची दारं आता अधिक अरुंद झाली आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएए या अमेरिकन विद्यापीठांच्या खेळांच्या संघटनेने निर्णय घेतला की कॅनडातल्या मोठ्या ज्युनिअर लीगमध्ये खेळलेली मुलंही १ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकन विद्यापीठांकडून खेळू शकतील. पूर्वी ती बाद ठरायची. डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या सर्वांत वरच्या गटात, पुरुषांचे संघ साठेकच आहेत, जागा वाढलेल्या नाहीत, उमेदवार वाढले. अशा वेळी विद्यापीठाचा कोच बघायला येतो तेव्हा तो आकड्यांच्या आधी हे बघतो की हा मुलगा गर्दीत, कमी वेळात, दमलेला असताना काय करतो. ते शिकायची जागा तुमच्या मुलाला मिळालेली आहे.

बदल कधी करावा हेही सांगतो. नाताळनंतर जानेवारीच्या मध्यापर्यंत थांबा. तोवर त्याने व्हिडिओ पाहिलेत, सहायक कोचशी बोललाय, पक गमावणं कमी झालंय, आणि तरीही तो पाचपैकी तीन सामने बाहेर बसतोय, तर त्याने स्वतः कोचला विचारावं की याच लीगमधल्या दुसऱ्या संघात मला जागा मिळेल का. ज्युनिअरमध्ये मुलं अशी संघ बदलतात, त्यात नामुष्की नाही. अठराव्या वर्षी न खेळता बसून राहणं वाईट. चौथ्या लाईनवर खेळणं वाईट नाही.

जेवणाचं थोडं. शाळेचा मोसम नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होऊन मार्चच्या सुरुवातीला संपायचा. हा सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत चालेल, साठेक सामने, रात्र-रात्र बसचा प्रवास. पहिल्या वर्षी कितीतरी मुलांचं वजन डिसेंबरपर्यंत घटतं आणि मग बोर्डवर कोणीही त्यांना बाजूला सारतं. तुम्ही लिहिलंय की तो घरी मांस फारसं खात नव्हता आणि बिलेट कुटुंबाला सांगायला लाजतो. बिलेट आईला तुम्ही स्वतः फोन करा. इथे तुमचा फोन योग्य आहे, कोचला नाही. ही कुटुंबं फार मनापासून मुलांना घरात घेतात, त्यांना फक्त माहीत नसतं. अंडी, दूध, पनीर, राजमा, भात, शेंगदाण्याचं बटर, एवढं घरात असलं तरी पुरे. भाजणी पाठवायची असेल तर जरूर पाठवा आणि थालीपीठ थापायचं कसं हे त्याला व्हिडिओ कॉलवर शिकवा. सामन्यानंतर रात्री अकरा वाजता गाव बंद झालेलं असतं, तेव्हा स्वतःच्या हाताने गरम काही करता येणं याला मोल आहे. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी आईच्या मेतकूट-भातावर कित्येक रात्री काढल्या.

फोनबद्दल लिहायला मला जड जातं, पण लिहितो. माझे वडील दर सामन्यानंतर फोन करायचे आणि पहिला प्रश्न असायचा, ‘आज किती?’ त्यांना हॉकीतलं तेवढंच कळत होतं. प्रेमानेच विचारायचे. दिवसभर कंपनीत काम करून रात्री जागून विचारायचे. मी ‘शून्य’ म्हणायचो आणि पलीकडे क्षणभर शांतता असायची. त्या शांततेला घाबरून मी फोन घेणं बंद केलं. त्यांना वाटलं मुलगा तुटला. चार महिने आमच्यात नीट बोलणं झालं नाही आणि ते महिने परत आले नाहीत. तुमचा मुलगा फोनवर बोलत नाही असं वाचलं तेव्हा मला तेच आठवलं. त्याला गोल विचारू नका. ‘बरं, पुढच्या वेळी’ हेही म्हणू नका, कारण त्यातही गोल लपलेला असतो आणि मुलांना तो ऐकू येतो. बसमध्ये शेजारी कोण बसतो, बिलेट घरातला कुत्रा कसा आहे, थंडी किती पडली, असं काहीही विचारा.

हॉकीबद्दल विचारायचंच असेल तर एक जागा सांगतो. तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओंपैकी शेवटचा सामना लावा, तिसरा भाग, साधारण अकरा मिनिटं उरलेली असताना. पक कोपऱ्यात अडकलाय. तुमचा मुलगा त्याच्या मागे जात नाही. तो मान वळवून बघतो, सरळ गोलकीपरच्या पुढ्यात जाऊन उभा राहतो, पाठीत स्टिकचा दणका बसतो तरी हलत नाही. पक ब्लू लाईनवर जातो, त्याच्याच संघाचा डिफेन्समन तिथून शॉट मारतो आणि गोल होतो, कारण गोलकीपरला तुमच्या मुलाच्या पाठीमुळे काहीच दिसलं नाही. निकालपत्रात त्याचं नाव नाही, ना गोल, ना असिस्ट. पण कॅमेरा बाकाकडे वळतो तेव्हा नीट बघा: कोच खाली वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. पुढच्या शिफ्टला तो दुसऱ्या लाईनबरोबर बर्फावर उतरतो. त्याला विचारा, तिथे जाऊन उभं राहायचं हे त्याच्या मनात कसं आलं. आणि तो जे सांगेल ते मला कळवा.